दुसऱ्याच्या वहीत आपण



आज इतिहासाबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आपल्याच एका बैठकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात शहरातून पाहुणे आले होते, बचत गट कसे चालतात ते बघायला. बैठक ग्रामपंचायतीत ठेवली होती. समोर खुर्च्यांवर पाहुणे, त्यांच्या शेजारी गावची पुढारी मंडळी, आणि आम्ही सतरंजीवर. आमच्यातल्या तिघींचे सासरे आणि थोरले दीर समोरच बसलेले. पाहुण्यांनी प्रश्न विचारले. आम्ही ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोललो. चहा झाला, फोटो झाला, पाहुणे गेले. पुढं त्यांचा अहवाल हाती आला. त्यात लिहिलं होतं, की इथल्या महिला अबोल आणि लाजाळू आहेत.

आम्ही ते मोठ्यानं वाचलं आणि हसून हसून बेजार झालो. आमच्या गटात एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरी सुरू होते, आणि आम्ही म्हणे अबोल! पण घरी जाताना एक जण म्हणाली, “आपलं हसणं इथंच राहणार. त्यांचा कागद मात्र फायलीत राहणार. पन्नास वर्षांनी कुणी बघितलं, तर आपण अबोलच होतो असं म्हणतील.”

तिचं ते बोलणं माझ्या मनात राहिलं. पाहुणे खोटं बोलले नव्हते. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. पण आम्ही कुणासमोर बसलो होतो, ते त्यांनी लिहिलं नाही.

दूर देशी जायचं, तिथली माणसं बघायची आणि घरी येऊन लिहायचं, हे फार जुनं आहे. अशा पुस्तकांना प्रवासवर्णनं म्हणतात. त्यात लिहिणारा ‘आम्ही’ असतो आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ते ‘ते लोक’ असतात. ‘त्यांचं’ वेगळेपण कसं रंगवलं, कुठं भीतीनं, कुठं कौतुकानं, कुठं हेटाळणीनं, याचा अभ्यास इतिहासकार पुष्कळ वर्षं करत आले आहेत. आता त्यात संगणकाची मदत घेतात. ती कशी, आणि त्यातून आपल्यासारख्या बायकांनी काय घ्यायचं, ते आज सांगते.

आधी एक गंमत ऐका. सुमारे ७०० वर्षांपूर्वी ओडोरिक नावाचा एक ख्रिस्ती साधू इटलीतून निघाला आणि आपल्या ठाण्याला आला. आपलं मुंबईजवळचं ठाणे, तेच. परत गेल्यावर, १३३० साली, त्यानं आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्यात त्यानं म्हटलं आहे, की ठाण्याला कुत्र्याएवढे उंदीर असतात. मांजरांचं तिथं काही चालत नाही, त्यांना कुत्रेच पकडतात.

ओळखलं ना? ती आपली घूस असणार! आपल्या गोठ्याच्या भिंतीला बीळ पाडणारी. आपल्याला तिचं कसलं नवल? पण इटलीतल्या वाचकाला वाटलं असेल, काय अजब मुलूख आहे हा!

गोष्ट इथं संपत नाही. त्याच शतकात युरोपात आणखी एक पुस्तक निघालं, जॉन मँडेव्हिल या नावानं. तेही प्रवासवर्णनच. ते कितीतरी भाषांत गेलं आणि लोकांनी फार आवडीनं वाचलं. त्यातही हेच उंदीर आहेत, तितकेच मोठे, मांजरांना न आवरणारे. पण अभ्यासकांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवून दिलं, की मँडेव्हिलच्या पुस्तकाचा बराच भाग दुसऱ्यांच्या पुस्तकांतून, त्यात ओडोरिकच्याही, उचललेला आहे. म्हणजे घूस एकानंच बघितली. वाचणाऱ्याला मात्र वाटणार, दोघं सांगतात म्हणजे खरंच असेल.

गावात अफवा पसरते ती अशीच की नाही? दहा जणी सांगतात, पण बघितलेली एकच असते. कधी तर एकही नसते.

आता मुद्दा असा, की दोन पुस्तकं शेजारी ठेवून माणूस ताडून बघू शकतो. दहा-बाराही बघेल. पण हजारो पुस्तकं असतील तर? एका माणसाचा जन्म पुरायचा नाही. इथं संगणक कामाला येतो.

व्हिएन्ना हे ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीचं शहर. तिथं फार मोठं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयानं आपली सुमारे ६ लाख जुनी पुस्तकं पानापानाचे फोटो काढून संगणकात घेतली. मग तिथल्या अभ्यासकांनी एक काम हाती घेतलं. १५०० ते १८७६ या काळातल्या जर्मन भाषेतल्या प्रवासवर्णनांत पूर्वेकडच्या परक्या लोकांबद्दल काय काय लिहिलंय, ते संगणकाच्या मदतीनं बघायचं.

व्हिएन्नातच हे का सुचलं असावं, त्यालाही कारण आहे. तुर्की सुलतानाच्या फौजेनं १५२९ आणि १६८३ असा दोन वेळा या शहराला वेढा घातला होता. दोन्ही वेळा शहर वाचलं. पण ‘तुर्क’ म्हटलं की तिथं पोटात गोळा यायचा. आणि तरीही वकील, व्यापारी, यात्रेकरू तुर्कांच्या मुलखात जातच होते, आणि येऊन लिहीतही होते. भीती आणि कुतूहल, दोन्ही त्या पुस्तकांत आहे.

आता संगणकाचं काम कसं चालतं ते बघू. पहिली पायरी म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणं. इथंच घोटाळे होतात. जुन्या जर्मन छपाईत ‘स’ या अक्षराचं एक लांब रूप असायचं, ते अगदी ‘फ’सारखं दिसतं. यंत्र फसतं. आपल्याकडेही नाही का, शाळेत नवीन वाचणारं पोर ‘ख’ला ‘रव’ वाचतं, तसंच. शिवाय तेव्हा एकच शब्द चार जण चार तऱ्हेनं लिहायचे. हे सगळं सांभाळून पुढं जावं लागतं.

दुसरी पायरी, लाखो पुस्तकांतून प्रवासवर्णनं निवडून काढणं. सगळ्याच पुस्तकांच्या नावात ‘प्रवास’ हा शब्द नसतो. मग अभ्यासकांनी काय केलं? यंत्राला नमुने दिले. ही पुस्तकं प्रवासाची, ही नाहीत. आपण पोरीला तांदूळ निवडायला शिकवतो, तसं. हा खडा, हा दाणा. चार वेळा दाखवलं की तिची नजर बसते. यंत्राचीही तशी नजर बसवली. मग त्याच्यापुढं १,६१,५२२ जर्मन पुस्तकांचा ढीग ठेवला. त्यातून आधीच्या पद्धतीनं शोधून न सापडलेली ३४५ प्रवासवर्णनं हाती लागली. ३४५ पुस्तकं ग्रंथालयातच होती, पण प्रवासवर्णनं म्हणून कुणाला दिसत नव्हती!

तिसरी पायरी म्हणजे प्रश्न विचारणं. एवढी पुस्तकं संगणकात आली, की त्यांना निरनिराळे प्रश्न विचारता येतात. ‘तुर्क’ हा शब्द जिथं जिथं आला, तिथं त्याच्या शेजारी कोणते शब्द आहेत? ‘बायका’ या शब्दाशेजारी कोणते? शंभर वर्षांनी ते शेजारी बदलले का? कुणाचं वाक्य कुणी उचललं? एका पुस्तकावरून लिहिणाऱ्या माणसाचा स्वभाव कळतो. शेकडो पुस्तकं एकत्र बघितली, की एका समाजाला दुसऱ्याकडे बघायची कशी सवय लागली होती, ते कळतं. सवय ही एकट्याची चूक नसते, म्हणून ती एकट्याच्या पुस्तकात पकडता येत नाही.

हे मोलाचं काम आहे. पण मैत्रिणींनो, यंत्र तेवढंच मोजतं जेवढं कुणीतरी लिहून ठेवलं आहे. आणि लिहिणारे बहुतेक पुरुष होते. तुर्कस्तानात बायकांचे वाडे वेगळे, त्यांचे हमाम, म्हणजे न्हाणीघरं, वेगळी. तिथं परक्या पुरुषाला पाय ठेवता येत नव्हता. तरीसुद्धा त्यांनी तिथल्या बायकांबद्दल पानंच्या पानं भरली. ऐकीव गोष्टींवर, आणि एकमेकांच्या पुस्तकांवर.

मग एक बाई आत गेली. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. नवरा इंग्लंडचा वकील म्हणून तुर्की सुलतानाच्या दरबारी निघाला, तेव्हा ती बरोबर गेली. १७१७ साली सोफिया गावी बायकांच्या हमामात तिला जायला मिळालं. तिथं बायका गप्पा मारत होत्या, कॉफी पीत होत्या, गावभरच्या बातम्या सांगत होत्या. आपल्याकडं नदीवर, विहिरीवर चालायचं तसंच म्हणा ना. तिनं घरी पत्रं लिहून कळवलं, की आधीच्या प्रवाशांनी लिहिलेलं बरंचसं खोटं आहे, त्यांना आत जायलाच मिळत नाही. तिनं आणखी एक बघितलं. तिथल्या श्रीमंत बायकांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या ताब्यात असे. तेव्हा खुद्द इंग्लंडात लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होत असे. तो कायदा बदलायला तिथं १८७० आणि १८८२ साल उजाडलं. आणि ‘बिचाऱ्या’ म्हणायचं कुणाला? तुर्की बायकांना!

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढं आहे. मेरीचा भाऊ देवीच्या रोगानं गेला होता. तिला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर व्रण होते. तुर्कस्तानात तिनं बघितलं, की तिथल्या म्हाताऱ्या बायका मुलांना देवी टोचतात. देवीच्या फोडातला पू टरफलात घेऊन यायच्या आणि सुईनं कातडीखाली घालायच्या. मुलाला थोडा ताप यायचा, दोन-तीन दिवस अंथरुणात, मग बरं. पुढं त्याला देवीची भीती नसे. मेरीनं १७१८ साली आपल्या मुलाला तिथंच टोचून घेतलं. एका म्हाताऱ्या ग्रीक बाईनं, वकिलातीच्या डॉक्टरसमोर. १७२१ साली लंडनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा मुलीलाही टोचलं आणि सगळ्यांना ते दाखवलं.

ही पद्धत आजच्या लसीसारखी निर्धोक नव्हती. त्यात काही जण दगावतही असत. गाईच्या देवीची, जास्त सुरक्षित लस जेन्नर या डॉक्टरनं १७९६ साली दिली. पण टोचून रोग अडवता येतो, हे इंग्लंडात पटवलं ते मेरीनं, आणि तिला ते शिकवलं तिथल्या म्हाताऱ्यांनी. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. आपल्या आयांच्या दंडावर जे गोल व्रण आहेत, त्या गोष्टीत त्या म्हाताऱ्याही आहेत. पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता विचार करा. शंभर पुस्तकांत तुर्की बायकांबद्दल एकच रटाळ गोष्ट असेल, आणि एका पुस्तकात ही देवी टोचायची गोष्ट असेल. नुसतं मोजलं तर जिंकणार कोण? शंभर पुस्तकं. म्हणून मोजणं संपलं की वाचणं सुरू करावं लागतं. यंत्र पानं शोधून देतं. त्या पानावर कोण कुठून बघतंय, आत जाऊन की दाराबाहेरून, हे माणसालाच ताडावं लागतं.

आणि मेरीलाही सगळं दिसलं असं नाही. हमामात त्या बायकांच्या मागं गुलाम मुली उभ्या होत्या, मालकिणींच्या वेण्या घालत. मेरीनं त्यांचा उल्लेख केला, पण त्यांच्याशी बोलल्याचं काही तिथं लिहिलं नाही. ती मोठ्या घरची. तिला मोठ्या घरच्या बायका दिसल्या.

व्हिएन्नाची एक बाई तर आपल्याही भागातून गेली आहे. आयडा फायफर तिचं नाव. दोन मुलगे मोठे झाले, आणि वयाच्या ४४व्या वर्षी, १८४२ साली, ती एकटी प्रवासाला निघाली. पुढं जगाला फेरा घालताना १८४८च्या सुरुवातीला ती दिल्लीहून कोटा, इंदूर करत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आली. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला बघून मुंबईला गेली. अजून रेल्वे नव्हती. बैलगाडीनं, उंटावरून तिनं तो प्रवास केला. १८५० साली व्हिएन्नात तिचं पुस्तक निघालं. त्यात इथल्या माणसांच्या चांगुलपणाचं कौतुक आहे. पण त्याच पुस्तकात दुसऱ्या देशांतल्या माणसांच्या रंगारूपाला नाकं मुरडलेलीही आहेत. गंमत म्हणजे लंडनच्या भूगोल संस्थेनं आयडालाही सभासद करून घेतलं नाही, का तर ती बाई होती! जिला स्वतःला दाराबाहेर ठेवलं होतं, तीसुद्धा दुसऱ्यांना दाराबाहेर ठेवत होती.

आणि आपणही दुसऱ्यांबद्दल लिहिलंच आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक काढलं. तिथल्या बायकांचं शिक्षण, त्यांच्या संस्था, त्यांचं काम याबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं. आणि काळ्या लोकांना, मूळ रहिवाशांना तिथं कसं वागवतात, तेही सांगितलं. म्हणजे परक्या देशाकडे कौतुकानंही बघता येतं आणि डोळे उघडे ठेवूनही.

हे सगळं समजून घेतल्यावर मला एक खोड सुचली. म्हटलं, हे शेजारच्या शब्दांचं काम आपणही करून बघू. संगणक नाही तर नाही, लाल पेन आहे. मला त्या पाहुण्यांच्या अहवालात खुणा करायच्या होत्या. पण तो काही सापडला नाही. मग कपाटातून आमच्याच गटाची इतिवृत्ताची वही काढली. गेल्या तीन वर्षांची. ठरवलं, ‘त्या बायका’ असं जिथं जिथं आलंय, तिथं रेघ मारायची.

मैत्रिणींनो, मला वाटलं नव्हतं, पण रेघा पडत गेल्या. आमच्याकडं हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर कोप्या घालून राहतात. वहीत लिहिलेलं होतं, टोळीच्या बायका हापशावर गर्दी करतात. टोळीच्या बायका घाण करतात. टोळीच्या बायकांना समज द्यावी. अकरा वेळा ‘टोळीच्या बायका’ आल्या होत्या. अकरा वेळांत एकीचंही नाव नव्हतं. एकदाही ‘ती म्हणाली’ असं नव्हतं. आणि बऱ्याच ठिकाणचं अक्षर माझं होतं.

आम्ही अबोल म्हणून पाहुण्यांना हसलो होतो. इथं आम्हीच खुर्चीवर बसलो होतो.

पुढच्या बैठकीत मी ती पानं वाचून दाखवली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दोघी जणी माळावर गेल्या, दिवस मावळल्यावर, कारण त्या बायका त्याआधी फडातून येतच नाहीत. पहाटे तीनला उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, येऊन चूल पेटवायची. कोप्यांपासून पाणी म्हणजे आमचा एकच हापसा. संडास नाहीच. त्यांच्यातली एक आमच्या बैठकीला आली. आमच्यापेक्षा जास्त बोलली! वहीत त्या दिवशी पहिल्यांदा तिचं नाव लागलं आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं. पुढच्या हंगामात माळावर पाण्याची टाकी ठेवली गेली. संडासाचं अजून झालेलं नाही. मागे लागलोय.

म्हणून आज तुम्हाला एकच काम सांगते. तुमच्या गटाची वही काढा. ‘ते लोक’, ‘त्या बायका’ असं जिथं असेल तिथं रेघ मारा. शेजारचे शब्द बघा. कितींची नावं आहेत, कितींचं बोलणं आहे, ते मोजा. मग ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांच्याकडे जाऊन या.

आणि दुसरं म्हणजे, स्वतःबद्दल स्वतः लिहा. कुणी पाहुणे आले, तर ते काय म्हणाले हे जसं लिहिता, तसं आपण कुठं बसलो होतो, समोर कोण होतं, हेही लिहा. आजकाल फोनला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. ती यंत्रंही माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरच शिकलेली असतात. जे कुणी लिहिलंच नाही, ते त्यांना कुठून कळणार? त्या तुर्की म्हाताऱ्यांची नावं आता मिळायची नाहीत. आपली मिळाली पाहिजेत.

वहीत काय सापडलं ते आपल्या केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.